दोन मीटर चाळीस : पॅरिसच्या अग्निशमन ब्रिगेडची वाटचाल

पॅरिसच्या अग्निशमन केंद्रात नव्या पाळीची हजेरी झाली की जवान एकेक करून एका आडव्या फळीखाली येऊन उभे राहतात. फळी जमिनीपासून २.४० मीटर उंचीवर बसवलेली असते. अंगावर आगीत शिरतानाचा जाड पोशाख, डोक्यावर हेल्मेट, पायांत बूट, कमरेला पट्टा. एवढ्या साजानिशी उडी मारून फळीची कड धरायची आणि हातांच्या जोरावर अंग वर खेचून फळीवर चढायचे. पायाला आधार नाही, खालून कोणी ढकलत नाही. कालचा रंगरूट असो की अनेक आगी पाहिलेला नाईक, फळी सगळ्यांना सारखीच. तिचे नावही साधे आहे : ‘प्लाँश’, म्हणजे फळी.

या फळीमागचा प्रश्न सरळ आहे. जळत्या घरात पायाखालची जमीन गेली आणि हाताला फक्त वरची कड लागली, तर तुम्ही स्वतःला वर काढाल का? ज्याला स्वतःचे वजन उचलता येत नाही, तो दुसऱ्याला खांद्यावर घेऊन कसा उतरणार? दोनशे वर्षांहून अधिक काळ इमारती चढण्याचे काम करणाऱ्या या सैनिकी संस्थेची सगळी वाटचाल त्या २.४० मीटरमध्ये सामावली आहे. पंप बदलले, शिड्या बदलल्या, शहर बदलले. माणसाच्या हातांवरचा भरवसा मात्र या संस्थेने कधी सोडला नाही.

एका मेजवानीतली आग

नेपोलियनचे ऑस्ट्रियाच्या मारी लुईझ या राजकन्येशी नुकतेच लग्न झाले होते. त्या आनंदात ऑस्ट्रियाचे राजदूत प्रिन्स श्वार्झेनबर्ग यांनी १ जुलै १८१० रोजी आपल्या पॅरिसमधल्या निवासस्थानी नृत्यसमारंभ ठेवला. पाहुणे मावावेत म्हणून बागेत लाकडाचे तात्पुरते दालन उभारले होते. जागोजाग झिरझिरीत पडदे आणि शेकडो मेणबत्त्या. एका पडद्याला ज्योत लागली आणि बघता बघता दालन पेटले. नेपोलियनने सम्राज्ञीला बाहेर नेऊन सुरक्षित ठेवले आणि तो पुन्हा आगीच्या जागी आला. राजदूतांची भावजय प्रिन्सेस पाउलिना आपल्या मुलीला शोधायला आत गेली, ती परतलीच नाही.

पॅरिसला तेव्हा आगीसाठी माणसे नव्हती असे नाही. १६९९ मध्ये फ्रान्स्वा द्यु मुरिए द्यु पेरिए या नटाला राजाकडून आगीचे पंप बनवण्याचा परवाना मिळाला होता आणि १७१६ पासून पंपरक्षकांची पगारी तुकडीही शहरात होती. पण त्या रात्री तुकडीचा प्रमुख शहराबाहेर होता आणि हुकूम देणारे कोणी नव्हते. पंप असूनही शिस्त नसेल तर काय होते, हे सम्राटाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. १८ सप्टेंबर १८११ च्या फर्मानाने त्याने जुनी व्यवस्था मोडली आणि चार कंपन्यांची सैनिकी बटालियन उभी केली. तिचे नाव ‘सापर-पोंपिए’. पोंपिए म्हणजे पंपवाला. सापर म्हणजे खंदक खणणारा, सुरुंग लावणारा शिपाई. आपल्याकडे ‘सॅपर्स अँड मायनर्स’चा अपभ्रंश होऊन जो सफरमैना झाला, त्यातला सफर तो हाच.

शहराची आग ही लढाई आहे आणि ती लढायला सैनिकच लागतो, हा विचार तिथून सुरू झाला. बटालियनची १८६७ मध्ये रेजिमेंट झाली आणि १ मार्च १९६७ रोजी ब्रिगेड. आज साडेआठ हजारांच्या आसपास सैनिक पॅरिस आणि त्याला लागून असलेले तीन जिल्हे सांभाळतात. ते फ्रेंच भूदलाच्या इंजिनिअर शाखेचे आहेत, मात्र कामाचा हुकूम पॅरिसच्या पोलीस प्रीफेक्टकडून येतो. मार्सेय शहरात १९३८ च्या भीषण आगीनंतर हीच जबाबदारी नौदलाच्या बटालियनकडे गेली. बाकी फ्रान्सभर बंबवाले मुलकी सेवेतले आहेत. पॅरिसच्या ब्रिगेडचे ब्रीद दोन क्रियापदांचे आहे : वाचवणे किंवा प्राण देणे.

तालमीतून तयार झालेले हात

सुरुवातीच्या बटालियनला पंप ओढता येत होता, शिस्तीत चालता येत होते. पण आग वरच्या मजल्यावर असते. जिना बहुधा लाकडी, आणि धूर सगळ्यात आधी त्याचाच रस्ता धरतो. जिना गेला की घराला बाहेरून चढण्यावाचून मार्ग उरत नाही.

हे चढणे शिकवणारा माणूस स्पेनमधून आला. फ्रान्सिस्को आमोरोस हा स्पॅनिश कर्नल देश सोडून पॅरिसला स्थायिक झाला आणि १८२० मध्ये त्याने ग्रेनेल भागात सैनिकी व्यायामशाळा उघडली. उंच खांब, लोंबते दोर, दोरांच्या शिड्या, चढण्यासाठी भिंती, तोल सांभाळायचे ओंडके अशी तिथली सामग्री होती. पॅरिसचे सापर-पोंपिए त्याच्याकडे शिकायला येत. आमोरोसचा आग्रह असा की व्यायाम उपयोगाचा हवा. दोरावर चढता आले, तर त्याच दोराने कुणाला तरी उतरवता आले पाहिजे.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभट्टदादा देवधरांनी आपल्याकडे मल्लखांबाला नवे जीवन दिले, तोही साधारण याच सुमाराचा काळ. पुण्याची ती तालीम आणि ग्रेनेलची ही व्यायामशाळा यांना एकमेकींची गंधवार्ता नव्हती. तरी दोन्हीकडे एकच धडा गिरवला जात होता : शरीर हे पेलायचे ओझे आहे आणि ते पेलण्याची विद्या रोजच्या सरावानेच अंगी येते. आमोरोसच्या शिष्यांनी पुढे १८५२ मध्ये ज्वँव्हिल इथे सैन्याची व्यायामशिक्षणाची शाळा काढली आणि ही परंपरा फ्रेंच सैन्यभर पसरली. बंबवाल्यांच्या केंद्रांत दोर आणि फळी राहिली ती कायमची.

आकड्याची शिडी

या संस्थेचे खरे हत्यार विचाराल तर ते आकड्याची शिडी. आपल्या अग्निशमन सेवेत तिला हूक लॅडर म्हणतात. सुमारे चार मीटर लांबीची, एका माणसाला उचलता येईल इतकी हलकी, आणि वरच्या टोकाला दोन लोखंडी आकडे. साधी शिडी जमिनीवर उभी राहते. ही शिडी टांगलेली असते. चढणाऱ्याचा सगळा जीव त्या आकड्यांवर.

जवान खाली उभा राहून शिडी उचलतो, आकडे भिंतीकडे वळवतो आणि पहिल्या मजल्याच्या खिडकीच्या उंबऱ्यावर किंवा कठड्यावर बसवतो. मग खाली हिसका देतो. आकडा नीट बसला की नाही, हे हाताला कळते. चढताना अंग शिडीला धरून ठेवायचे, वजन सरळ खाली जाऊ द्यायचे. शरीर बाहेर झुकले की शिडीचा वरचा भाग भिंतीपासून ओढला जातो आणि आकडा सुटू शकतो. इथे घाबरून मागे रेललेला माणूसच धोक्यात येतो. भिंतीजवळ राहणे हीच सुरक्षितता.

वर पोहोचल्यावर तो खिडकीच्या चौकटीवर घोड्यावर बसावे तसा बसतो : एक पाय आत, एक बाहेर, मांड्यांची पकड घट्ट. आता पायाखालची शिडी स्वतःच उचलायची, हातांत फिरवायची आणि डोक्यावरच्या मजल्याच्या खिडकीत अडकवायची. सगळ्यात अवघड क्षण हाच. दोन्ही हात शिडीत गुंतलेले, खाली रस्ता, आणि आधार फक्त मांड्यांचा. पुन्हा हिसका, पुन्हा चढण. एका चार मीटरच्या शिडीने माणूस असा मजल्यामागून मजला गाठत पाचव्या, सहाव्या खिडकीपर्यंत जातो. शिडीला उंचीची मर्यादा आहे, रीतीला नाही.

ही रीत पॅरिसला शोभून दिसली, कारण शहराचा चेहराच तसा घडला. १८५३ पासून प्रीफेक्ट ओस्मान यांनी जुने पॅरिस पाडून नवे रस्ते काढले. १८५९ च्या नियमाने रुंद रस्त्यावरच्या इमारतीच्या दर्शनी भिंतीला २० मीटरपर्यंतची उंची मिळाली. एकसारखे मजले, एकावर एक रांगेत आलेल्या खिडक्या, लोखंडी कठडे. वास्तुकाराला ज्यात सौंदर्य दिसले, त्यात बंबवाल्याला पायऱ्या दिसल्या.

पण याच इमारतींच्या पोटात दुसरे शहर दडलेले आहे. रस्त्यावरच्या भारदस्त दारातून आत गेले की चौक लागतो, चौकामागे आणखी एक इमारत, कधी तिच्यामागे तिसरी. गिरगावातल्या चाळीच्या मागच्या चाळीत जसे बोळातून जावे लागते, तसे. विसाव्या शतकात गाडीवर बसवलेली, यंत्राने उलगडणारी ३० मीटरची शिडी आली तेव्हा रस्त्याकडच्या खिडक्या सोप्या झाल्या. चौकातल्या खिडक्या होत्या तिथेच राहिल्या, कारण ती गाडी दारातून आत जात नाही. न्यूयॉर्क, लंडन यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आकड्याची शिडी निवृत्त केली. पॅरिसने ती गाडीवर ठेवली आणि तिची कवायतही चालू ठेवली.

दोर आधी, धाडस नंतर

इमारत चढणाऱ्याचे कौतुक होते ते त्याच्या धाडसाचे. या संस्थेत शिकवले जाते ते धाडसाला बांधून ठेवणे. व्हिलनव्ह-सँ-जॉर्जच्या जुन्या किल्ल्यात ब्रिगेडचे प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे येणारा रंगरूट दोराची पिशवी उघडायला, तपासायला आणि पुन्हा जशीच्या तशी भरायला शिकतो. पिशवीत दोर, शिवलेले पट्टे, कड्या, दोर धरून ठेवणारा आठाच्या आकाराचा धातूचा तुकडा आणि अडकलेल्या माणसाला बसवायचा त्रिकोणी पट्टा असतो. फ्रान्सभरच्या बंबांवर आज ही पिशवी असते.

पहिला प्रश्न दोर कशाला बांधायचा हा. खिडकीचा जुना गज, पाण्याचा नळ, गंजलेला कठडा, हे सगळे डोळ्यांना मजबूत दिसते आणि झटका बसला की हातात येते. विश्वास ठेवायचा तो दोन खिडक्यांमधल्या भिंतीवर, दगडी खांबावर, इमारतीचे वजन पेलणाऱ्या भागावर. दुसरा प्रश्न दोराच्या ढिलाईचा. सुळके चढताना गिर्यारोहक वापरतात तो दोर ताणला जातो आणि पडण्याचा झटका पोटात घेतो. बचावाचा दोर मुद्दामच कमी ताणणारा असतो, म्हणजे माणूस खाली सोडताना तो झोके घेत नाही. म्हणून चढणारा आणि दोर धरणारा यांच्यामध्ये ढिलाई राहू द्यायची नाही. हातभर ढिलाईनेसुद्धा हाड मोडू शकते. तिसरी गोष्ट घर्षणाची. आठाच्या कडीतून दोर वळवला की दोन माणसांचे वजनही एका हाताच्या पकडीत सावकाश उतरते. इथे ताकदीपेक्षा गाठ आणि वळण जास्त कामाला येते.

आणि चौथी गोष्ट, कदाचित सगळ्यात महत्त्वाची : आपला पट्टा आपण बांधायचा, तपासायचा मात्र जोडीदाराने. भीतीत, घाईत, धुरात माणसाला स्वतःची चूक दिसत नाही. मनोरे, बांधकामाच्या क्रेन, उंच छपरे अशा ठिकाणांसाठी ब्रिगेडमध्ये दोरकामात मुरलेली खास तुकडीही आहे. पण पाया सगळ्यांचा एकच, आणि तो फळीखालीच घातला जातो.

रेमाँ बेल आणि त्याचा मुलगा

या केंद्रांतून अनेक चढणारे निघाले. त्यातल्या एकाची गोष्ट केंद्राच्या भिंतींबाहेर जगभर गेली. रेमाँ बेल व्हिएतनाममध्ये जन्मला. युद्धात घरापासून तुटला आणि दा लात इथल्या सैनिकी मुलांच्या शाळेत वाढला. वयाने मोठ्यांच्या त्या कठोर जगात टिकायचे म्हणून तो रात्री एकटाच उठून धावायचा, झाडांवर चढायचा, अडथळ्यांची वाट पुन्हा पुन्हा पार करायचा. फ्रान्समध्ये आल्यावर तो पॅरिसच्या सापर-पोंपिएत भरती झाला आणि दोर चढण्यात त्याने नाव कमावले.

जानेवारी १९६९ मध्ये एका सकाळी पॅरिसकरांना नोत्र दाम कॅथेड्रलच्या शिखरावर दक्षिण व्हिएतनामच्या मुक्ती आघाडीचा झेंडा फडकताना दिसला. स्वित्झर्लंडहून आलेल्या तरुणांनी रात्रीतून चढून तो लावला होता. नव्वद मीटरच्या वरची जागा, आणि खालून पुन्हा कोणी चढू नये अशी अडचणही त्यांनी करून ठेवलेली. शेवटी हेलिकॉप्टरच्या दोराला लटकून एक बंबवाला शिखरावर उतरला आणि त्याने झेंडा काढला. तो रेमाँ बेल होता. ज्या भूमीच्या नावाने तो झेंडा लागला, तिथेच त्याचा जन्म झाला होता.

त्याचा मुलगा दाव्हिद १९७३ मध्ये जन्मला. बापाने रात्रीच्या सरावातून काढलेले ज्ञान त्याने पॅरिसजवळच्या लिस या उपनगरात नेले आणि मित्रांसोबत भिंती, जिने, कठडे पार करण्याची एक पद्धत घडवली. ‘पार्कूर’ हे तिचे नाव सैन्यातल्या अडथळ्यांच्या वाटेसाठी असलेल्या फ्रेंच शब्दावरून आले. त्या वाटेमागे नौदल अधिकारी जॉर्ज एबेर यांचा विचार होता. १९०२ मध्ये मार्टिनिक बेटावर माँ पेले ज्वालामुखी फुटून सँ-प्येर हे शहर हजारो माणसांसह नष्ट झाले. त्या संकटाच्या वेळी एबेर तिथे नौदलात होते. पुढे त्यांनी धावणे, चढणे, उचलणे, तोल सांभाळणे या नैसर्गिक हालचालींवर आधारलेली शिक्षणपद्धती उभी केली. बलवान व्हा, म्हणजे उपयोगी पडाल, हे त्यांचे सूत्र. आमोरोस, एबेर, रेमाँ बेल या तिघांच्या मधे पिढ्यांचे अंतर आहे, पण तिघे एकच वाक्य पुढे नेत होते.

आज गच्च्यांवरून उड्या मारणारी मुले जगभर दिसतात, मुंबईतही दिसतात. त्यांनी ही मूळ कथा जरूर जाणून घ्यावी. रेमाँ बेलने चढण्याची विद्या प्रेक्षकांसाठी मिळवली नव्हती. आधी जगण्यासाठी मिळवली, नंतर जगवण्यासाठी वापरली.

एका वर्षातले तीन प्रसंग

२६ मे २०१८. पॅरिसच्या अठराव्या विभागात चार वर्षांचा एक मुलगा चौथ्या मजल्याच्या सज्जाला बाहेरून लटकत होता. रस्त्याने जाणारा मामुदू गासामा हा मालीहून आलेला २२ वर्षांचा तरुण थांबला. कागदपत्रे नाहीत. तो सज्जावरून सज्जावर चार मजले चढला आणि त्याने मुलाला आत ओढले. बंब पोहोचेपर्यंत मूल सुखरूप होते. फ्रान्सने त्याला नागरिकत्व दिले आणि ब्रिगेडने आपल्यात सेवेला घेतले. ज्या संस्थेने हातांवर चढण्याची विद्या दोनशे वर्षे जपली, तिने रस्त्यावरच्या या हातांची किंमत लगेच ओळखली, याचे मला नवल वाटत नाही.

५ फेब्रुवारी २०१९ ची मध्यरात्र. सोळाव्या विभागातल्या एर्लांजे रस्त्यावर आठ मजली इमारत पेटली. इमारत रस्त्यावर नव्हती, आतल्या चौकात होती. यांत्रिक शिड्यांच्या गाड्या बाहेरच उभ्या राहिल्या. खिडक्यांत, सज्जांवर, छपरावर माणसे ओरडत होती. तेव्हा जवानांनी हातशिड्या आणि आकड्याच्या शिड्या काढल्या आणि ते खिडकीमागून खिडकी चढत गेले. दहा जणांना वाचवता आले नाही. पण पन्नासहून अधिक माणसे शिड्यांवरून, छपरांवरून जिवंत उतरली. जगाने जी शिडी संग्रहालयात ठेवली होती, ती त्या रात्री चौकात उभी होती.

आणि १५ एप्रिल २०१९. नोत्र दामचे छप्पर पेटले आणि रेमाँ बेल ज्या शिखरावर उतरला होता, ते शिखर संध्याकाळी कोसळले. सुमारे ४०० जवान आगीशी झुंजत होते. खरे संकट त्यानंतर समोर आले. आग उत्तरेच्या मनोऱ्यातल्या घंटांच्या लाकडी चौकटीपर्यंत पोहोचत होती. चौकट जळाली तर अवजड घंटा खाली येणार, मनोरा पडणार आणि कॅथेड्रलचे सगळे बांधकाम सोबत ओढणार. ब्रिगेडचे प्रमुख जनरल झाँ-क्लोद गाले यांनी निर्णय घेतला आणि सुमारे वीस जवान पाण्याचे पाइप घेऊन मनोऱ्यात चढले. परत येण्याची खात्री कोणालाच नव्हती. मनोरे वाचले आणि ते सगळे खाली आले.

आपल्या गल्लीत

ही वाटचाल लिहिताना मुंबईची आठवण टाळता येत नाही. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली. इमारत कोसळली आणि त्या संकटात मुंबई अग्निशमन दलाने आपले चार वरिष्ठ अधिकारी गमावले. काळबादेवीच्या गल्ल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना एर्लांजे रस्त्यावरचा चौक समजावून सांगावा लागत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्याच्या त्या दिवसांत ताज हॉटेलच्या खिडक्यांतून पाहुण्यांना शिड्यांवरून उतरवणारेही आपलेच जवान होते, आणि आत गोळीबार चालू होता.

आपल्याकडे परंपरा नाही असे नाही. १९५६ मध्ये रामपूरला सुरू झालेले आणि पुढच्याच वर्षी नागपूरला आलेले राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय देशभरचे अधिकारी घडवते. हूक लॅडरची कवायत भारतीय बंबवाल्याला परकी नाही. शहरे उंच होताना उंच शिडीची गाडी विकत घेतली जाते, आणि ती हवीच. पण ती जिथे पोहोचत नाही, अशा गल्ल्या, चौक, मागच्या चाळी आपल्याकडे पॅरिसहून कितीतरी जास्त आहेत. तिथे माणूसच जाणार. तो काय घेऊन जाणार, हे त्याच्या रोजच्या तासाभराच्या सरावाने ठरते, आणि तो तास त्याला मिळवून देणे हे शहराचे कर्तव्य आहे.

पॅरिसच्या हजेरीतला एक भाग सुरुवातीला सांगायचा राहिला. ठरावीक हजेरीला जिवंत माणसांबरोबर केंद्रातल्या मृतांचीही नावे पुकारली जातात. नाव उच्चारले जाते, क्षणभर शांतता होते, आणि रांगेतून एक आवाज उत्तर देतो : ‘मोर ओ फ’, आगीत गेला. मग पुढचे नाव. यादी संपली की रांग सैल होते, जवान हेल्मेटचे पट्टे आवळतात आणि पहिला जवान फळीखाली जाऊन हात वर करतो.